पॅलेस बघायला कधी जावं? वाचकांचे प्रश्न, ग्वाल्हेरहून उत्तरं

या वेळी प्रवासाचे प्रश्न इतके आले की बाकीचे सगळे पुढच्या अंकावर ढकललेत. जवळजवळ प्रत्येकाची तक्रार एकच आहे, आपल्याला सुट्टी मिळते तेव्हाच सगळे लोक फिरायला निघालेले असतात. मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहते, घरी पाहुणे आले की त्यांना जयविलास पॅलेस आणि किल्ला दाखवायचं काम ठरलेलं, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर बरंच लांबलंय.

प्रश्न (एक वाचक, पुणे): नमस्कार ताई. आम्ही पाच जण ग्वाल्हेरला यायचं म्हणतोय, मी, मिस्टर, दोन मुलं, एक तिसरीत आणि एक सातवीत, आणि सासूबाई. सासूबाईंचं माहेर लष्करातलं, लग्नानंतर फार कमी येणं झालं आणि आता त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, पण एकदा जयविलास पॅलेस नीट बघायचाय असं त्या सारखं म्हणतात. नाताळच्या सुट्टीत २५ ते २९ डिसेंबर असा विचार आहे. कोणी म्हणतं धुकं असतं, कोणी म्हणतं तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. मग दिवाळीत येऊ का मे महिन्यात? गर्दी कमी असलेला महिना कोणता ते सांगा.

उत्तर: ताई, आधी सरळच सांगते, २५ ते २९ डिसेंबर नका येऊ. अजून तिकिटं काढली नसतील तर काढूच नका. त्या आठवड्यात दिल्ली-आग्र्याकडून गाड्या भरभरून लोक येतात, शाळांच्या ट्रिपा असतात, आणि आमच्याच शहरातले लोक आपापल्या पाहुण्यांना घेऊन बाहेर पडलेले असतात ते वेगळेच. डिसेंबरातच तानसेन समारोह होतो, मग व्यापार मेळा सुरू होतो, तो १९०५ पासून भरतोय आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांतून लोक खरेदीला येतात, म्हणजे हॉटेलं महाग आणि रिक्षावाले दुप्पट भाडं सांगणार. आणि धुकं. डिसेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत कधीकधी असं धुकं पडतं की किल्ल्यावर उभं राहिलं तर खालचं शहरच दिसत नाही. तुम्ही झेलम किंवा गोवा एक्सप्रेसने याल, येताना त्या मानाने ठीक, पण परतीची गाडी उत्तरेकडून येते आणि धुक्यात तीच गाडी तासन्‌तास लेट होते, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला थंडीत प्लॅटफॉर्मवर बसवून ठेवणं मला तरी पटत नाही.

आता महिना. मला विचाराल तर फेब्रुवारी, होळीच्या आधीपर्यंत. थंडी बोचत नाही, धुकं गेलेलं असतं, दहावी-बारावीच्या परीक्षा तोंडावर किंवा चालू असतात म्हणून फॅमिलीवाले कमी फिरतात. लग्नसराई असते तेवढी मात्र लक्षात ठेवा, हॉटेल आधी बुक करा आणि लॉन असलेलं हॉटेल शक्यतो नको, रात्री बारापर्यंत बँड वाजतो. दुसरा चांगला काळ म्हणजे दसरा झाल्यावर दिवाळीच्या आधीचे दिवस, पावसाने किल्ल्याचा डोंगर अजून हिरवा असतो आणि ऊन उतरायला लागलेलं असतं. खुद्द दिवाळीच्या सुट्टीत मात्र पुन्हा गर्दी. आणि मे महिना तर नकोच, इथे पारा ४५ च्या आसपास जातो, किल्ल्यावरचा दगड असा तापतो की चप्पल घालूनही चटका जाणवतो, मुलांना आणि सासूबाईंना दोघांनाही त्रास होईल.

पण ताई, नुसता महिना बदलून काम होणार नाही. फेब्रुवारीतल्या एखाद्या रविवारी दुपारी बारा वाजता जयविलासमध्ये शिरलात तर डिसेंबरसारखाच धक्काबुक्कीचा अनुभव येईल, आणि अगदी डिसेंबरातसुद्धा मधल्या वारी सकाळी दार उघडायच्या वेळी पोचलात तर पहिला तास-दीड तास बरा जातो. म्हणून आधी वार बघा, मग तास बघा. शनिवार-रविवार आणि सुट्टीला जोडून आलेला सोमवार किंवा शुक्रवार पूर्ण सोडून द्या. पॅलेसचं म्युझियम सकाळी दहाच्या सुमाराला उघडतं, तुम्ही त्याच्या पंधरा मिनिटं आधी गेटवर असा. बाहेरगावचे ग्रुप नाश्ता करून, किंवा आधी किल्ला बघून, अकरा-साडेअकराला येऊन धडकतात, दिल्लीहून सकाळच्या शताब्दीने आलेले लोकही साधारण तेव्हाच पोचतात. म्युझियम आठवड्यातून एक दिवस बंद असतं, तो वार आणि वेळा पॅलेसच्या वेबसाइटवर बघून मगच ट्रेनचं रिझर्व्हेशन करा, कारण इतक्या लांबून येऊन बंद दार बघायला लागणं फार वाईट. रेल्वेचं बुकिंग आता ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे वार ठरवायला वेळ आहे तुमच्याकडे.

सासूबाईंसाठी हा पॅलेस नुसती बघायची जागा नाही हे मला समजतंय म्हणून आतलंही थोडं सांगते. १८७४ मध्ये जयाजीराव शिंद्यांनी तो बांधून घेतला, आराखडा मायकेल फिलोज यांचा, आणि प्रिन्स ऑफ वेल्सच्या हिंदुस्थान दौऱ्याच्या स्वागताची तयारी त्यामागे होती. एका भागात शिंदे कुटुंब अजून राहतं, बाकीच्या भागात जिवाजीराव सिंधिया म्युझियम आहे. दालनं तीस-पस्तीस तरी असतील आणि इथेच लोक फसतात, पहिल्या पाच-सहा दालनांत प्रत्येक फोटो, प्रत्येक खुर्ची, प्रत्येक पाटी वाचत बसतात, मग पुढे पाय दुखायला लागतात आणि जे बघायला आलो तो दरबार हॉल पाच मिनिटांत उरकतात. तुम्ही उलटं करा, सुरुवातीची दालनं चालत्या पायाने बघा. पालख्या आणि बग्ग्या मुलांना आवडतील तिथे थोडं थांबा, मराठा इतिहासाचं नवीन दालन झालंय ते चुकवू नका, महादजी शिंद्यांविषयी मुलांना चार गोष्टी सांगायला ती जागा फार चांगली आहे. पण ताकद राखून ठेवा ती जेवणाच्या हॉलसाठी आणि दरबार हॉलसाठी.

जेवणाच्या हॉलमध्ये टेबलावर रुळ टाकलेत आणि त्यावर चांदीची छोटी आगगाडी आहे, तिच्यातून पाहुण्यांपुढे पेयं आणि सिगार फिरायचे, बाटली उचलली की गाडी थांबायची. सगळी मुलं तिथेच अडकतात, सगळे मोबाइल तिथेच वर होतात, त्यामुळे गर्दी सगळ्यात जास्त याच जागी तुंबते. दुसरी तुंबायची जागा म्हणजे दरबार हॉलकडे जाणारा जिना, त्याच्या कठड्याचे खांब काचेचे आहेत आणि प्रत्येकाला तिथे फोटो हवा असतो. सासूबाईंना हाच जिना चढायचाय, म्हणून तो मोकळा असतानाच गाठायला हवा, माझा दहा वाजताचा आग्रह मुख्यतः याच्यासाठीच आहे. मागून रेटा नसला की एकेक पायरी, मध्ये थांबत, कठडा धरून आरामात चढता येतं. व्हीलचेअर मिळते का, दुसरा सोपा रस्ता आहे का, हे आधी फोन करून विचारून ठेवा, तिथे गेल्यावर स्टाफला सांगायला लाजू नका, वयस्कर माणूस बरोबर आहे म्हटलं की लोक मदत करतात.

आणि मग वर दरबार हॉल. दोन प्रचंड झुंबरं, एकेकाचं वजन साडेतीन टन सांगतात, आणि छत ते वजन पेलेल का ते बघायला आधी छतावर हत्ती चढवले होते ही गोष्ट तर ग्वाल्हेरच्या प्रत्येक घरात सांगितली जाते, सासूबाईंनाही लहानपणापासून माहीत असेल. खालचा गालिचा ग्वाल्हेरच्या जेलमधल्या कैद्यांनी विणलेला, त्याला बारा वर्षं लागली असं सांगतात. हे सगळं मान वर करून, शांतपणे, कोणाचा धक्का न लागता बघायला निदान वीस मिनिटं द्या. मुलांना म्हणावं, गोष्ट आजीच्या तोंडून ऐका, गाइड नंतर.

एक युक्ती सांगते, ती कुठल्याही महालात चालते. शाळेचा किंवा टूरचा मोठा ग्रुप मागून आला की लोक घाईने पुढे पळतात, मग तो ग्रुप प्रत्येक दालनात पुन्हा पाठीवर येतो. पळू नका. बाजूला होऊन त्यांना पुढे जाऊ द्या, दहा मिनिटं थांबा, त्यांच्या मागे छान मोकळी जागा तयार झालेली असते आणि पुढचा ग्रुप येईपर्यंत ती तुमचीच.

किल्ला त्याच दिवशी सकाळी जोडू नका, एवढं प्लीज ऐका. टूरवाले एका दिवसात पॅलेस, किल्ला, गुजरी महाल, तानसेनची समाधी सगळं कोंबतात आणि संध्याकाळी घरातलं प्रत्येक माणूस चिडलेलं असतं. पहिल्या दिवशी सकाळी पॅलेस, एकच्या आत बाहेर, जेवून हॉटेलवर झोप. चारला टॅक्सीने उरवाई गेटच्या बाजूने वर जा, त्या रस्त्याने गाडी वरपर्यंत जाते, वाटेत कड्यात कोरलेल्या जैन तीर्थंकरांच्या भव्य मूर्ती दिसतात, त्या सासूबाईंना गाडी थांबवून खालूनच बघता येतील. वर तेली का मंदिर, सास-बहू मंदिर, दोन्हीकडे जमेल तेवढं चालणं. गुरुद्वारा दाता बंदी छोड वरच आहे, तिथे लंगरमध्ये बसायचं असेल तर बसा, मुलांना गुरू हरगोबिंदजी आणि ५२ राजांच्या सुटकेची गोष्ट सांगा. दिवाळीच्या आसपास मात्र तिथे फार मोठी गर्दी होते. अंधार पडल्यावर किल्ल्यावरच्या मानमंदिर महालाजवळ लाइट अँड साउंड शो होतो, सासूबाईंना बसून बघता येतो, शाल-स्वेटर मात्र हवाच.

दुसऱ्या दिवशी पहाटे मिस्टर आणि मुलांनी ग्वाल्हेर गेटकडून पायी चढावं. चढ चांगलाच आहे, पण पुढे सगळं बघायला मिळतं. पायथ्याला गुजरी महाल, राजा मानसिंह तोमर यांनी राणी मृगनयनीसाठी बांधलेला, आत आता सरकारी म्युझियम आहे आणि ग्यारसपूरची शालभंजिकेची मूर्ती तिथेच आहे, सोमवारी बंद असतं आणि सकाळी लवकर उघडतही नाही म्हणून ते उतरताना बघा. वाटेत चतुर्भुज मंदिर, खडक कोरून केलेलं छोटंसं, त्यात ८७६ सालचा शिलालेख आहे आणि त्यात २७० आणि ५० हे आकडे शून्य लिहून कोरलेत, बागेची लांबी आणि रोजच्या फुलमाळांची संख्या सांगायला. सातवीतल्या मुलाला ते शून्य स्वतः शोधायला सांगा, त्याला आयुष्यभर लक्षात राहील. तोपर्यंत तुम्ही आणि सासूबाई रिक्षाने लष्करातल्या महाराज बाडा चौकात जा, त्यांची गल्ली, त्यांचं देऊळ, जे काही उरलंय ते निवांत बघा, सकाळी आठच्या आधी महाराज बाडा मोकळा असतो, नंतर ट्रॅफिकमुळे त्यांना रस्ता ओलांडणं कठीण जाईल.

आग्रा जोडणार असाल तर ताजमहाल शुक्रवारी बंद असतो, म्हणून शुक्रवार ग्वाल्हेरला ठेवा. आणि इतकं सांगूनही सुट्टीच मिळत नसेल, डिसेंबरच हातात असेल, तर निदान २५ तारीख आणि रविवार टाळा, पॅलेस सकाळी दहालाच, आणि किल्ला मात्र दुपारी एक ते चार, कारण धुकं असेल तर तेव्हाच काय ते ऊन पडतं. परतीचं तिकीट दिवसाच्या गाडीचं काढा आणि स्टेशनला निघायच्या आधी मोबाइलवर गाडी कुठे आहे ते बघा, तोपर्यंत सासूबाईंना हॉटेलच्या रूमवरच राहू द्या.

प्रश्न (एक चित्रकार वाचक, इंदूर): मला मानमंदिराच्या निळ्या टाइल्सची स्केचेस करायची आहेत. मागच्या वेळी संध्याकाळी गेलो तर सगळं काळपट दिसलं आणि सारखे लोक मध्ये येत होते. कोणती वेळ बरी?

उत्तर: दादा, टाइल्स आहेत ती मानमंदिराची मोठी भिंत पूर्वेकडे तोंड करून आहे, म्हणून दुपारनंतर ती सावलीत जाते, संध्याकाळी काळपट दिसणारच. सूर्य उगवल्यावरचा पहिला तास तुमचा. तेव्हा ऊन सरळ भिंतीवर पडतं आणि निळा, हिरवा, पिवळा वेगवेगळे दिसायला लागतात, बदकांची रांग, हत्ती, केळीची झाडं सगळं ओळखू येतं. राजा मानसिंहांचा काळ १४८६ ते १५१६, म्हणजे पाचशे वर्षं ऊन-पाऊस खाऊन हे रंग टिकलेत, त्यांना जरा चांगला उजेड द्यायला हवा. ग्वाल्हेर गेटकडून पायी या म्हणजे चढता चढताच ती भिंत समोर येते आणि तेवढ्या सकाळी त्या रस्त्याला फिरायला येणारे लोक सोडले तर फारसं कोणी नसतं. ऑक्टोबर किंवा फेब्रुवारी-मार्च निवडा, जानेवारीत धुक्याने तो पहिला तासच वाया जातो.

भिंत झाली की आत लगेच जा, ग्रुप यायच्या आत. दोन चौक आहेत, त्यातली दगडाची जाळी आणि तोड्यांवरचं कोरीव काम बघून हात थांबणार नाही तुमचा. खाली तळघरांचे दोन मजले आहेत, पुढे मोगलांच्या काळात त्यांचा कैदखाना झाला, औरंगजेबाने भाऊ मुराद याला या किल्ल्यात ठेवलं आणि १६६१ मध्ये मारलं. जिने अरुंद आणि अंधारे, वरून लोक उतरत असतील तर चढता येत नाही, त्यामुळे तळघर एकतर अगदी सकाळी किंवा नाहीच. स्टँड, ईझल वगैरे मोठं सामान आणणार असाल तर पुरातत्त्व खात्याच्या माणसांना आधी विचारा, साधी स्केचबुक घेऊन बसलात तर कोणी काही म्हणत नाही.

प्रश्न (एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर): आम्हाला दसऱ्याला मैसूरला जायचंय, पॅलेसची रोषणाई बघायची. मुलगी म्हणते दसऱ्याला जाऊ नका, पॅलेस आतून बघताच येणार नाही. खरं का?

उत्तर: काकू, मुलीचं म्हणणं बरंचसं बरोबर आहे, पण तुम्हाला नक्की काय बघायचंय त्यावर ठरवा. मैसूरच्या दसऱ्यात रोज संध्याकाळी पॅलेसवर जवळजवळ एक लाख दिवे लागतात, विजयादशमीला हत्तीवरच्या सोन्याच्या अंबारीची मिरवणूक निघते, आणि राजघराण्याचं सोन्याचं सिंहासन याच दिवसांत जोडून मांडतात, एरवी ते बघायला मिळत नाही. हे तिन्ही हवं असेल तर दसऱ्यालाच जावं लागेल आणि गर्दी सोसावी लागेल. काही दिवशी घराण्याचे धार्मिक विधी असल्यामुळे आत सोडत नाहीत किंवा अर्धाच दिवस सोडतात, म्हणून तारखा आधी बघा. मिरवणुकीच्या दिवशी रस्त्यावर तासन्‌तास उभं राहावं लागतं, तुमची पाठ दुखते असं पत्रात पुढे लिहिलंय तुम्ही, मग त्या दिवशी पास मिळाला तरच जा, नाहीतर हॉटेलात टीव्हीवर बघा.

पण तुम्हाला फक्त रोषणाई आणि आतला पॅलेस एवढंच हवं असेल तर दसऱ्याची गरजच नाही. तिथे वर्षभर दर रविवारी आणि सरकारी सुट्टीला संध्याकाळी सातच्या सुमाराला दिवे लावतात. रविवारी संध्याकाळी आवारातून रोषणाई बघायची, आणि आतून पॅलेस सोमवारी किंवा मंगळवारी सकाळी दहाला उघडल्या उघडल्या. बरेच लोक रविवारी दुपारी आत जातात आणि तिथेच संध्याकाळपर्यंत थांबतात, त्यामुळे रविवारची दुपार सगळ्यात वाईट. आत चपला-बूट बाहेर काढून जावं लागतं, गर्दीच्या दिवशी त्या स्टँडवरच अर्धा तास जातो, मोजे घालून जा म्हणजे थंड फरशीचा त्रास होणार नाही. आताचा पॅलेस १९१२ साली पूर्ण झाला, आधीचा लाकडी वाडा १८९७ मध्ये लग्नसमारंभाच्या वेळी जळाला होता. कल्याण मंडपात रंगीत काचांचं छत आहे, मोरांची नक्षी आहे त्यावर, आणि आजूबाजूच्या भिंतींवर जुन्या दसरा मिरवणुकीची चित्रं लावलेली आहेत, ती नीट बघितलीत तर मिरवणूक हुकल्याचं निम्मं वाईट वाटायचं थांबेल.

प्रश्न (एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा): नागपूरहून नणंद येतेय, सोमवारी सुट्टी आहे. सोमवारी सकाळी लक्ष्मीविलास आणि दुपारी केवडियाचा सरदार पटेलांचा पुतळा असं एका दिवसात जमेल का?

उत्तर: नाही जमणार, दोन्ही ठिकाणं सोमवारी बंद असतात. आणि दुसऱ्या वारीसुद्धा एका दिवसात दोन्ही नका करू, केवडिया वडोदऱ्याहून साधारण ९० किलोमीटर, जाण्यायेण्यातच अर्धा दिवस जातो. सोमवारी नणंदेला कीर्तिमंदिर बाहेरून दाखवा, मांडवी, सुरसागर फिरवा, घरी गप्पा मारा, आणि मंगळवारी सकाळी पहिल्या तासात लक्ष्मीविलास. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये पूर्ण केलेला तो वाडा आहे, मेजर मँट या वास्तुकारांनी सुरू केलेला आणि चिझम यांनी पुरा केलेला, तिकिटाबरोबर ऑडिओ गाइड घेऊन आपल्या वेगाने फिरता येतं. दरबार हॉलमधल्या रंगीत काचांतून सकाळचं ऊन येतं तेव्हा तिथे थोडं थांबा. आवारातल्या फतेहसिंह म्युझियममधली राजा रविवर्म्यांची चित्रं लोक घाईत सोडून देतात, वाडा बघून बाहेर पडणारी गर्दी सरळ पार्किंगला जाते, त्यामुळे तिथे बहुतेक वेळा मोकळं मिळतं. नवरात्रात मात्र आवारात गरबा असतो, त्या दिवसांत पाहुण्यांना वाडा दाखवायचा बेत ठेवू नका, संध्याकाळी पार्किंगसुद्धा मिळणार नाही.

प्रश्न (एक वाचक, नाशिक): लहान मुलं बरोबर आहेत, ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर तिकिटाच्या लाइनमध्ये उभं राहायला नको म्हणून काय करावं?

उत्तर: मानमंदिर पुरातत्त्व खात्याकडे आहे, त्यामुळे तिथे १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही, मुलांच्या वयाचा पुरावा मोबाइलमध्ये ठेवा. मोठ्यांचं तिकीट खात्याच्या ऑनलाइन बुकिंगवर किंवा गेटवरच्या क्यूआर कोडवरून काढता येतं, पण किल्ल्यावर नेटवर्क कधीकधी जातं म्हणून आदल्या रात्री हॉटेलवरच काढून स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. जयविलासचं तिकीट वेगळं आहे, ते खाजगी ट्रस्टचं म्युझियम आहे, किल्ल्याचं तिकीट तिथे चालत नाही. पाण्याच्या बाटल्या खालूनच भरून न्या आणि माकडांसमोर बिस्किटाचा पुडा उघडू नका.